पक्षाघातानंतर हातासाठी रोबोटिक थेरपी: गोव्यात कुणी घेतली आहे का?

वळेसर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

सासूबाईंना (वय ६४) अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवी बाजू गेली. १०८ वेळेवर आली, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं, जीवावरचं निभावलं. आता चार महिने होत आले. काठी घेऊन चालतात. बोलणं पूर्ववत, किंबहुना आवाज आधीपेक्षा चढलाय. प्रश्न उरलाय तो उजव्या हाताचा. खांदा थोडा उचलतात. कोपर वाकतो, पण सरळ करताना अडतो. मनगट किंचित वर येतं. मूठ मिटते, उघडताना मात्र अंगठा आणि पहिलं बोट जेमतेम हलतात.

माहेर म्हार्दोळचं, त्यामुळे जाई आणि अबोली म्हणजे जीव की प्राण. वळेसर (फुलं सुईविना दोऱ्यात गाठवून केलेला गजरा) त्यांच्यासारखा घट्ट आणि एकसारखा आमच्या वाड्यावर कुणालाच जमत नाही. आता परडी समोर घेऊन बसतात आणि फुलं डाव्या हातानं नुसती चाळवतात. "जेवण डाव्या हातानं जेवेन, पण दोरा डाव्या हातानं कसा गाठवू?" हा त्यांचा प्रश्न.

पणजीजवळच्या एका खाजगी केंद्रानं रोबोटिक थेरपीचं पॅकेज सुचवलंय. टेबलावर एक हँडल असतं, हात पट्ट्यांनी त्यावर बांधतात, समोर स्क्रीनवर फळं पडतात ती टोपलीत झेलायची. हात अडला की यंत्र पुढे ढकलतं. थोडा वेळ बसवून बघितलं तर सासूबाई एकदम खूश, "जिंकले गो!" म्हणून ओरडल्या. पण पॅकेजचा आकडा ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. पैसे उभे करू, पण ते वाया जाणार नाहीत ना, एवढंच कळायला हवंय. कुणाचा अनुभव?

डिचोलीकर (सोमवार, रात्री १०.०५)

लवकर बऱ्या होवोत. माझ्या मामाच्या वेळी अख्ख्या गावानं पारव्याचं रक्त चोळायला सांगितलेलं. तुमच्याकडे कुणी अजून सांगितलं नसेल तर उद्या सांगेल, तयारीत राहा.

वळेसर (सोमवार, रात्री १०.१२)

सांगून झालं. दोघांनी.

कोपरखळी (सोमवार, रात्री ११.३०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दक्षिण गोव्यात काम करते. पेशंटला हात लावल्याशिवाय सल्ला द्यायचा नसतो, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. पारव्याला सोडून द्या, चोळल्यानं मेंदूला काही कळत नाही.

यंत्राआधी खांद्याचं बोलते, कारण घरोघरी नुकसान तिथेच होताना बघते. लुळ्या हाताचं वजन सगळं खांद्याच्या सांध्यावर लोंबतं. स्नायू धरून ठेवत नाहीत, मग हाड खाली सरकतं. खांद्याच्या टोकाखाली बोट घालून बघा, खाच लागते का. लागत असेल तर बसताना हात उशीवर किंवा टेबलावर हवा. उठवताना तो हात धरून ओढायचा नाही, काखेत हात घालूनही उचलायचं नाही. आणि दाराच्या चौकटीला कप्पी टांगून चांगल्या हातानं दुसरा हात वर ओढायचा जो प्रकार शेजारीपाजारी सांगतात, तो आजच बंद. परदेशी मार्गदर्शक सूचनांतही डोक्यावरची कप्पी करू नका असं स्पष्ट लिहिलंय. खांदा एकदा दुखायला लागला की पेशंट हात हलवूच देत नाही. मग रोबो आणा नाहीतर रोबोचा बाप आणा.

तसाच तो स्माइलीचा पिवळा बॉल. सासूबाईंची मूठ मिटतेच आहे, अडलंय ते उघडणं. दिवसभर बॉल दाबून मिटण्याचाच सराव का करायचा? माझं मत विचाराल तर बॉल नातवाला द्या.

आता यंत्र. थोडक्यात सांगते, तपशील उद्या. हे हँडलवालं यंत्र फसवं नाही. जगात ह्यावर भरपूर काम झालंय. पण ते नेमकं काय देतं आणि काय देत नाही, हे पॅकेज विकणारा सांगत नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ते खांदा आणि कोपराचं यंत्र आहे. वळेसर बोटांनी गाठतात.

अवांतरसम्राट (मंगळवार, सकाळी ७.१५)

शेवटच्या वाक्याला दंडवत.

सर्किट (मंगळवार, दुपारी १.२०)

वेर्ण्याला एका कंपनीत ऑटोमेशनमध्ये आहे. डॉक्टर नाही, पण वडिलांच्या वेळी हा विषय खणून काढलेला, म्हणून यंत्राची बाजू मांडतो.

ह्या सगळ्याचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्ज ह्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'एमआयटी-मॅनस' नावाचा हात तयार केला. टेबलाच्या पातळीत फिरणारं हँडल, म्हणजे वळेसरताईंनी वर्णन केलंय साधारण तेच. त्यातली खुबी ताकदीत नाही. कारखान्यातला रोबो ठरल्या जागी जातोच, मध्ये तुमचा हात आला तर हातासकट जातो. हा रोबो हाताचं ऐकतो. तुम्ही जोर लावलात की सैल पडतो, अडलात की तेवढ्यापुरता हात देतो. सायकल शिकवताना बाप सीट धरून मागून धावतो आणि मध्येच हळूच सोडतो, तसं. सोडलं नाही तर पोर शिकत नाही, आणि तीच ह्या यंत्रांची अडचण आहे. यंत्र सतत मदत करत राहिलं तर माणूस नकळत आळसावतो, जोर लावणं सोडतो आणि स्क्रीनवर मात्र गुण वाढत राहतात. अभ्यासकांनी हे मोजून दाखवलंय. म्हणून केंद्रात पहिला प्रश्न हा विचारा: मदत किती टक्के ठेवलीय, आणि ती दर आठवड्याला कमी करता का? उत्तर देता आलं नाही तर ते यंत्र नुसतं झोपाळा आहे.

दुसरा प्रकार बाह्यकंकालाचा. हाताला बाहेरून सांगाडा चढवतात, प्रत्येक सांध्याला वेगळा आधार. स्वित्झर्लंडच्या होकोमाचं 'आर्मिओ' हे त्यातलं नाव तुम्हाला माहितीपत्रकांत दिसेल. त्याच्या 'स्प्रिंग' नावाच्या प्रकारात मोटरच नसते, स्प्रिंगा हाताचं वजन पेलतात आणि हालचाल पेशंटलाच करावी लागते. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडेही चांगलं काम चालू आहे. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या सीएमसीनं मिळून 'प्लूटो' नावाचं छोटं यंत्र केलंय. मोटर एकच, हँडलं बदलायची. एक मनगटासाठी, एक हात उलटासुलटा फिरवायला, एक बोटं उघडायला. टेबलावर मावतं. तुमच्या कामाला असं काहीतरी जास्त लागू पडेल.

ऑनलाइन जे हवेवर फुगणारे हातमोजे मिळतात, ते घेण्याआधी इथे विचारा. मोजा बोटं उघडतो-मिटतो, माणूस टीव्ही बघतो. आखडलेपणा कमी ठेवायला थोडा उपयोग होत असेल, पण 'मी उघडतोय' हा हुकूम मेंदूतून सुटलाच नाही तर शिकणार कोण?

कोपरखळी (मंगळवार, रात्री १०.५०)

सर्किट, छान लिहिलंत. झोपाळा शब्द मी उद्यापासून वापरणार.

आता पुराव्याचं. ब्रिटनमध्ये 'रॅटल्स' नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७७० पेशंट, तीन गट. एकाला एमआयटी-मॅनसच्याच घराण्यातला रोबो, दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाकडून हाताची जादा थेरपी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. कसोटी अशी की हात कामाला किती येतो: वस्तू धरणं, उचलणं, ठेवणं. ठरवलेल्या पातळीची सुधारणा रोबो गटात ४४ टक्क्यांना झाली, माणसाच्या थेरपीत ५० टक्क्यांना, नेहमीच्या उपचारांत ४२ टक्क्यांना. म्हणजे रोबोनं कामाच्या बाबतीत काही जादा दिलं नाही.

त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर चाचणी झाली होती. १२७ जण, झटका येऊन सहा महिने उलटून गेलेले. १२ आठवड्यांत ३६ सत्रं. तिथे रोबोची तुलना तितक्याच जोरकस माणसाच्या थेरपीशी केली तर फरक नाही. नेहमीच्या उपचारांशी केली तर ३६ आठवड्यांनी रोबो थोडा सरस.

ह्यावरून मी काढते तो अर्थ असा: यंत्रामुळे पेशंट जास्त वेळ, जास्त वेळा हात हलवतो. तेवढंच. तेवढंही थोडं नाही. अमेरिकेतल्या केंद्रांत कुणीतरी बसून मोजलं होतं की थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली किती होतात. सरासरी ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोजच्या शेकडो हालचाली लागतात. आमच्या ओपीडीत बाहेर बाकावर रांग असताना मी ३२ तरी करून घेते का, देवाला ठाऊक.

सर्किट (मंगळवार, रात्री ११.१५)

मग हाच तर रोबोच्या बाजूचा मुद्दा झाला ना? रोबो एका तासात शेकडो करून घेतो, थकत नाही, मोबाइल बघत नाही. आणि 'रॅटल्स'मध्ये हात सुटा हलवण्याच्या चाचणीत रोबो गट नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडा पुढे होता, हे तुम्ही गाळलंत.

कोपरखळी (बुधवार, सकाळी ६.५०)

गाळलं नाही, तिथेच येत होते. ती फ्युगल-मायर चाचणी, हाताची ६६ गुणांची. खांदा उचल, कोपर सरळ कर, मनगट फिरव, अशा सुट्या हालचाली. त्यात दोनचार गुण वाढले म्हणून फुलात दोरा घालता येत नाही.

आणि शेकड्यांचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. त्याच ३२ वाल्या अभ्यासकांच्या गटानं पुढे ८५ जुन्या, म्हणजे झटक्याला बराच काळ उलटलेल्या, पेशंटांवर चाचणी केली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाला एकूण ३२०० वेळा सराव, कुणाला ६४००, कुणाला ९६००. सगळे थोडे सुधारले, पण तिप्पट करणाऱ्याला तिप्पट मिळालं असं झालं नाही. उलट बाजूला लंडनच्या क्वीन स्क्वेअरचा कार्यक्रम आहे. तीन आठवड्यांत ९० तास, मुख्य भर माणसांच्या हाताखालच्या सरावावर, प्रत्येकाला त्याच्या गरजेचं काम. जुने पेशंटही तिथे बरेच सुधारले. तुलनेला दुसरा गट नव्हता हे खरं, पण मला त्यातून दिशा कळते.

क्लिनिकला पळते. बाकी नंतर.

पेटीकार (बुधवार, दुपारी ३.३०)

आकडे तुमचे बरोबर असतील. मी ज्याच्यावर हे गुदरलंय त्याच्या बाजूनं लिहितो.

मी साखळीकडचा, भजनात पेटी वाजवायचो. झटका उजव्या मेंदूला, गेला डावा हात. पुण्याला मुलाकडे होतो तेव्हा तिथे असंच हँडलवालं यंत्र घेतलं. फायदा झाला, खोटं कशाला बोलू. आधी हात मांडीवरून टेबलावर ठेवायला उजव्या हाताची मदत लागायची, ती सुटली. खांदा मोकळा झाला. पण हात हँडलला पट्ट्यांनी बांधलेला, बोटांना तिथे काही कामच नाही. खांदा सुधारला, पंजा होता तसाच.

घरी आल्यावर पेटी काढली. पेटीचा भाता डाव्या हाताचा. उघडताना चार बोटं वरच्या कडेवर अडकवून ओढायचा, मिटताना तळव्यानं रेटायचा. सुरुवातीला बोटं कडेवर टिकायचीच नाहीत, घसरायची. बायकोनं कडेला सुती पट्टी गुंडाळून दिली. उजव्या हातानं एकच सूर धरून ठेवायचा आणि भाता चालवायचा. हात थांबला की सूर पडतो. घोगरा होतो, मग विरतो. दुसऱ्या खोलीतून बायकोला कळतं की मी थांबलो. स्क्रीन नको, गुण नकोत, सूर सगळं सांगतो. आणि अभंग पुरा केल्याशिवाय कुणी भजनी उठत नाही, त्यामुळे कंटाळा आला म्हणून सोडायची सोय नाही.

पहिल्यासारखं वाजवत नाही. द्रुत लयीत भाता मागे पडतो. पण एकादशीला साथीला बसतो. मंडळी समजून घेतात, मृदंगवाला मुद्दाम लय ओढून धरतो.

वळेसरताई, सासूबाईंना फुलांपासून लांब ठेवू नका. पण जाईपासून सुरुवात नको, फार नाजूक. आधी झेंडू द्या.

वळेसर (बुधवार, सायंकाळी ६.१०)

पेटीकार काका, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "झेंडूचे वळेसर असतात काय कधी?" म्हणाल्या. पण झेंडू मागवलेत.

कोपरखळी, खांद्याखाली खाच लागते. एक बोट बसेल एवढी. कप्पी आमच्याकडेही होती, काढली.

डिचोलीकर (बुधवार, सायंकाळी ६.४०)

मामाला घरच्यांनी प्लेस्टेशन आणून दिलेलं. तो खेळला नाही, मुलं खेळली.

कोपरखळी (बुधवार, रात्री ९.२५)

डिचोलीकर, हसू नका, ह्यावरही चाचणी आहे आणि माझी अत्यंत आवडती आहे. २०१६ ची, चार देशांत मिळून १४१ पेशंट. अर्ध्यांना निन्टेन्डो वी, हातात रिमोट धरून खेळायचा तो. उरलेल्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू. वेळ दोन्हीकडे सारखा. शेवटी हातात फरक काहीच नाही. दोन्ही गट सुधारले. पत्ते पिसणं, वाटणं, एकेक पान सुटं करणं, हे आमच्या भाषेत उत्तम ऑक्युपेशनल थेरपी आहे आणि ते पत्त्यांच्या एका जोडाच्या पैशांत येतं. व्हर्च्युअल रिअॅलिटीवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा २०१७ मध्ये आला, ७२ चाचण्यांचा. त्याचं म्हणणं तेच. नेहमीच्या थेरपीच्या जागी खेळ दिला तर काही जास्त मिळत नाही. थेरपीवर भर म्हणून दिला, म्हणजे एकूण वेळ वाढला, तर उपयोग.

पेटीकार काकांनी लिहिलंय ते मी रोज सांगते, फक्त माझ्या सांगण्याला सूर नसतो. ज्या कामासाठी हात हवाय त्या कामाचे तुकडे करायचे आणि ते तुकडे घोटायचे. वळेसराचे बघा. फूल चिमटीत धरणं. देठ न चुरडता धरणं. फूल सोडणं, हे धरण्यापेक्षा कठीण असतं. दोरा ताणून ठेवणं. फेरा घालणं. शेवटचं सगळ्यात उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. पण दोरा ताणून धरायचं काम उजव्या हाताला आणि फेरा डाव्याला अशी वाटणी करता येते. त्यांना पटलं तर.

आता त्यांच्यासाठी मी काय तपासून बघेन ते. मनगट किंचित वर येतं आणि दोन बोटं हलतात हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, ती मोठी जमेची बाजू आहे. अशा हाताला 'चांगला हात बांधून ठेवणे' हा उपाय लागू पडू शकतो. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा, म्हणजे दुखऱ्या हाताला काम करण्यावाचून गत्यंतर नाही. २००६ ची 'एक्साइट' नावाची चाचणी, २२२ पेशंट, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांमधले. म्हणजे सासूबाई नेमक्या त्या काळात आहेत. त्यात दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा घालायचं लक्ष्य होतं, शिवाय रोज तासन्‌तास सराव. फायदा वर्षभर टिकला. घरी एवढं जमत नाही, म्हणून आम्ही दिवसाचे काही तास ठरवून देतो. चालताना मोजा नाही. काठी चांगल्या हातात असते, पडल्या तर भलतंच होईल.

जोडीला स्टिम्युलेटर. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली असतात. तिथे दोन पॅड लावून हलका विजेचा प्रवाह दिला की बोटं उघडतात. पण इथेही सर्किट म्हणाले तेच: नुसता चालू करून बसायचं नाही. "आता उघडतेय" म्हणून स्वतः जोर लावायचा आणि त्याच क्षणी प्रवाह. ग्लास धरायचा, प्रवाहाबरोबर सोडायचा, पुन्हा. काही यंत्रं स्नायूतला क्षीण संदेश ओळखून, तो आल्यावरच प्रवाह सोडतात. मला ती जास्त पटतात. पॅड कुठे लावायचे ते थेरपिस्टकडून शिकून घ्या आणि बॉलपेननं कातडीवर खूण करून ठेवा.

काणकोणची_लेक (गुरुवार, सकाळी १०.००)

सगळं पटलं, पण रोज थेरपिस्टकडे न्यायचं कसं? आम्ही काणकोणचे. बांबोळीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि पोचेपर्यंत बाबा इतके दमतात की थेरपीत झोपतात. घरच्यांनीच शिकून करून घेतलं तर चालत नाही का? यूट्यूब आहेच.

कोपरखळी (गुरुवार, दुपारी २.१५)

ह्याचं उत्तर आपल्याच देशातलं आहे आणि ते थोडं निराश करणारं आहे. 'अटेंड' नावाची चाचणी भारतातल्या १४ हॉस्पिटलांत झाली, १२५० पेशंट. कुटुंबातल्या एका माणसाला शिकवायचं आणि घरी त्यानं करून घ्यायचं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी परावलंबित्व किंवा मृत्यू ह्यांत फरक पडला नाही. ती चाचणी हातापुरती नव्हती, एकूण अवस्थेची होती, तेव्हा हाताला उपयोग शून्य असं म्हणता येणार नाही. पण 'एकदा शिकवलं आणि घरी सोडलं' ह्यावर माझा भरवसा नाही.

फोनवरून देखरेख असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत १२४ पेशंटांवर बघितलं, २०१९ मध्ये आलं. अर्धे केंद्रात, अर्धे घरी कॉम्प्युटरसमोर, खेळ आणि व्यायाम तेच, निम्म्या सत्रांना थेरपिस्ट व्हिडिओवर. ३६ सत्रं, प्रत्येक ७० मिनिटांचं. घरचे केंद्रवाल्यांच्या मागे पडले नाहीत. तिथे यंत्रसामग्री खास होती हे खरं, पण मी आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मध्ये व्हॉट्सअॅप व्हिडिओ असं काही पेशंटांबरोबर करते. व्हिडिओत मी हात बघतच नाही, पाठ बघते. ग्लास घ्यायला हाताऐवजी अख्खं धड पुढे जातं. घरचे म्हणतात "पोचला, पोचला!" आणि कोपर जिथल्या तिथे. खुर्चीच्या पाठीला ओढणीनं छाती सैलसर बांधा, मग कळतं हात खरा किती जातो.

सर्किट (गुरुवार, रात्री ८.३०)

मोजायचं कसं ते मी सांगतो. एक अधिकृत चाचणी आहे, एक इंचाचे ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात, मध्ये आडवी फळी, एका मिनिटात किती नेले ते मोजायचे. आमच्याकडे बाबांसाठी शूबॉक्समध्ये पुठ्ठा उभा करून ठोकळ्यांऐवजी काजूच्या बिया घेतल्या. डॉक्टरी आकडा म्हणून उपयोग नाही, पण दर रविवारी त्याच बिया, तोच खोका, तीच खुर्ची, तर आपल्याला आपलं कळतं. आई प्रत्येक वेळी म्हणायची, ह्या बिया भाजायच्या राहून जातील. राहिल्याच.

अवांतरसम्राट (गुरुवार, रात्री ८.५०)

अवांतर: काजूच्या टरफलात बिब्ब्यासारखं जळजळीत तेल असतं, चीक लागला तर हात जळेल. दुखऱ्या हाताला जाणीव कमी असेल तर कळायचंही नाही.

कोपरखळी (गुरुवार, रात्री ९.०५)

हे अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. सुपाऱ्या घ्या.

डिचोलीकर (शुक्रवार, सकाळी ९.२०)

एक शंका. मानेत काहीतरी यंत्र बसवतात आणि हात सुधारतो असा व्हिडिओ फिरतोय. खरं काय?

कोपरखळी (शुक्रवार, दुपारी १.४०)

खरं आहे. मानेतल्या व्हेगस नसेला तार, छातीत बॅटरी, शस्त्रक्रिया करून. पेशंट हालचाल करतो त्या क्षणी थेरपिस्ट बटण दाबून नसेला झटका देतो. १०८ जणांवरची चाचणी २०२१ मध्ये आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली. सुधारणा दुसऱ्या गटाच्या साधारण दुप्पट, पण ६६ पैकी पाच गुण विरुद्ध अडीचच्या आसपास, एवढीच. आणि चाचणीतले सगळे झटक्याला निदान नऊ महिने झालेले होते. चार महिन्यांच्या पेशंटनं तिकडे बघायची गरज नाही.

वळेसर (रविवार, रात्री ९.५५)

काल केंद्रात पुन्हा गेलो, प्रश्न लिहून घेऊन. मदत किती टक्के हे विचारलं तर तिथल्या मुलानं "ऑटो मोडवर असतं" सांगितलं. सुरुवातीचे फ्युगल-मायरचे गुण काढलेत का, तर "पॅकेज घेतल्यावर काढू". बोटांचं हँडल आहे का, तर नाही. सासूबाईंना परत खेळायचं होतं, त्यांना उठवताना वाईट वाटलं. नवऱ्याचं म्हणणं, खांद्यापुरती थोडी सत्रं सुटी घेऊया, पॅकेज नको. सुटी देत नाहीत म्हणे.

मग फोंड्याला एका थेरपिस्टबाईंना दाखवलं. त्यांनी आधी सगळे गुण कागदावर मांडले. हाताला २९ आले. मोजा रोज सकाळी पेज झाल्यावर दोन तास. पहिल्याच दिवशी मोजा घातल्यावर चहाचा कप समोर होता आणि मोठ्या जाऊबाई पाजायला धावल्या. सासूबाईंनीच त्यांना हाकललं. कप सांडला, पण अर्धा.

स्टिम्युलेटर घ्यायचा ठरवतोय. एक राहिलं, विचारायला विसरले: सासऱ्यांना पेसमेकर आहे, सासूबाईंना नाही. दोघं एकाच खोलीत असतात. स्टिम्युलेटर घरात चालेल ना?

कोपरखळी (रविवार, रात्री १०.२०)

पॅड ज्याच्या अंगाला लावायचे त्याला पेसमेकर असला तर लावायचेच नाहीत. सासूबाईंना नाही, तेव्हा त्यांना चालेल. सासऱ्यांनी मात्र "मलाही जरा गुडघ्याला लावून बघू" असं म्हणायचं नाही. हमखास म्हणतात, डबा उंचावर ठेवा. सासूबाईंना पूर्वी कधी फिट आली असेल तर लावण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा. बोटं उघडली की लगेच फूल हातात द्या, रिकामी उघडमीट करत बसू नका.

पेटीकार (रविवार, रात्री १०.४५)

अर्धा कप म्हणजे उत्तम. मी पहिल्यांदा पूर्ण सांडला होता, तोही भजनी मंडळाच्या सतरंजीवर. झेंडूचं काय झालं?

वळेसर (रविवार, रात्री ११.००)

चार ओवले, सुईनं, माळेसारखे. वळेसर नाहीच म्हणतात तो. देवाला घातला नाही, स्कूटरला बांधायला दिला.